पेठ रोडवरचा तीन भाषांचा दगड

राजेलोकांचं मला कौतुक नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी एका राजाच्या शिलालेखाबद्दल चांगलं बोलायला लागले की कोणी दचकायला नको. मी पत्रकं लिहिते. कॉलेजात होते तेव्हापासून लिहिते आहे. बसचा पास, वसतिगृहातलं पाणी, रेशन, वस्तीतला नळ, जे समोर येईल त्यावर. मथळा कसा हवा, खळ किती घट्ट शिजवायची, कोणी हटकलं तर कागदांचा गठ्ठा कुठे सरकवायचा, हे सगळं मला येतं. राजे मला आजवर भेटले ते पत्रकातल्या शिव्यांपुरते.

हा राजा भेटला दगडावर अक्षरं कोरणाऱ्या काकांच्या दुकानात. आणि त्या दुकानात मी गेले ती पेठ रोडवरच्या नाक्यामुळे.

पेठ रोडवर रोज सकाळी मजुरांचा नाका भरतो. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून आलेल्या बायका, थोडे गडी, अलीकडे बिहारकडची मुलंही. हातात डबा, पिशवीत जुनी साडी नाहीतर जुना शर्ट. पिकअप येतात, माणसं मोजून चढवतात, द्राक्षबागेत, कांद्याच्या शेडवर, बांधकामावर घेऊन जातात. न्यायला सगळे येतात. आणून सोडायला कोणी येत नाही. काम संपलं की पिकअपला म्हणे क्रेट पोचवायचे असतात. मग बायका हायवेच्या कडेने चालत सुटतात.

विंचूरकडच्या एका बागेतून अशाच चार बायका चालत निघाल्या होत्या. त्यांतली एक आमची मावशी. माझी सख्खी नव्हे, अख्ख्या नाक्याची. सुरगाण्याच्या पलीकडे तिचं गाव, हंगामात नाशकात येते, सोबत गावच्या आठ-दहा जणी असतात, आणि कोणी कुठल्या पिकअपमध्ये चढायचं हे तीच ठरवते. त्या संध्याकाळी एका ट्रकवाल्याने चौघींना आडगावपर्यंत आणून सोडलं. भला माणूस निघाला. नसता निघाला तर? हा प्रश्न मी पत्रकात टाकला, तीन उद्गारचिन्हं देऊन. त्यावरून आम्ही नाक्यावर धरणं धरून बसलो. बरेच दिवस बसलो. शेवटी एक पत्र्याची शेड मिळाली, पाण्याचा नळ मिळाला, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमांनी सगळ्यांसमोर एक नियम मान्य केला. निघण्याआधी नेणाऱ्याने आपलं नाव आणि कामाचं गाव मोठ्याने सांगायचं. आणि जिथून नेलं तिथेच, अंधार पडायच्या आत, आणून सोडायचं.

मी लगेच म्हणाले, हे छापून वाटू.

मावशी म्हणाली, "कागद नको. तुझ्या मागच्या कागदात मी भाकर बांधून नेली. दगडात कोर."

"दगडात?"

"पुढाऱ्याचं नाव दगडात असतं ना? मग आमचं का नाय? आणि आमच्या बोलीत कोर."

मी तिला समजवायला गेले. मराठी तुम्हाला समजतेच, लेकीलाही समजत असेल. तर तिने मला असं झापलं की आजही आठवलं की कान गरम होतात. "दिवाळीनंतर माझी पोर येणार हाय नाक्यावर. पहिल्यांदाच. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलीय, वाचती फाडफाड. मी काय रोज तिच्या सोबत नसंन, एक पिकअप मला नेईल, दुसरी तिला. मराठी तिला येती गं. पण मराठीत तिनं आजवर हुकूमच ऐकलेत. आपल्या बोलीत लिवलेलं दिसलं का तिला कळंल, हे आपल्यासाठी हाय."

मी दगड कोरणाऱ्याचा पत्ता विचारत सुटले.

असं करून मी त्या काकांकडे पोचले. कोनशिला, कबरीवरचे दगड, देवळातल्या देणगीदारांच्या पाट्या, सगळं ते कोरतात. सगळीकडे आता मशीन आलं आहे, काका अजून छिन्नीने कोरतात. मराठी, हिंदी वाचता येतं. उर्दू, गुजराती, इंग्रजी वाचता येत नाही, पण गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलं की काना-मात्रेचा, नुक्त्याचा फरक होत नाही. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर, देवाच्या फोटोच्या शेजारी, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक जुनं मासिकाचं पान होतं. इंग्रजी. त्यावर एका कड्याचा फोटो. कड्यावर धनुष्य धरलेला राजा, त्याचा पाय एका उताण्या पडलेल्या माणसाच्या छातीवर, समोर गळ्यात दोर बांधलेली माणसांची रांग.

"हे काय लावलंय काका?" मी उखडलेच. "गळ्यात दोर बांधलेली माणसं! भिंतीवर!"

काकांनी मान वर केली नाही. "राजा सोड. कोरणाऱ्याचा हात बघ."

ते पान त्यांना एका इराणी आजोबांनी दिलं होतं. आजोबा चहाचं हॉटेल चालवायचे, बायकोच्या कबरीचा दगड करून घ्यायला आले होते, वर फारसी, खाली मराठी. काम आवडलं म्हणून पैशांवर हे पान ठेवून गेले. काकांनी ते वर्षानुवर्षं नुसतं पाहिलं होतं. वाचून कोणी दाखवलं नव्हतं. मी स्टूल ओढून बसले आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

बेहिस्तून म्हणून ठिकाण आहे इराणात. जुन्या हमरस्त्याच्या कडेला सरळ उभा कडा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजाने तिथे आपली हकिकत कोरून घेतली. गादी कशी मिळवली, कोण कोण उलटले, त्यांना कसं चिरडलं. बढाईच सगळी, आमच्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला लाजवील अशी. पण ती बढाई तीन भाषांत आहे. एक राजाची स्वतःची, जुनी फारसी. एक एलामी, त्या मुलखातल्या कारभाराची. एक बाबिलोनी, हरलेल्यांची. हरलेल्यांची! मी वाचता वाचता थांबले. माणसाच्या छातीवर पाय ठेवणाऱ्या राजालाही कळत होतं की समोरच्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. आणि आमच्याकडे सुरगाण्याच्या बाईच्या हातात कागद पडतो तो असा, की त्यातलं 'उपरोक्त विषयान्वये' मलाही दोनदा वाचावं लागतं.

"पुढे," काका म्हणाले. हातातली छिन्नी त्यांनी खाली ठेवली होती.

पुढे कारागिरांचं होतं. कड्याचा दगड जिथे कच्चा निघाला तिथे त्यांनी चांगल्या दगडाचा तुकडा बसवला आणि शिसं ओतून सांधला. काकांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग उठून त्यांनी फोटोला बोट लावलं, कुठे सांधा दिसतो का पाहायला. दिसणार थोडाच.

आणि मग ते, ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. लेख कोरून झाल्यावर राजाने आणखी एकाला हरवलं. त्याचंही चित्र रांगेच्या टोकाला हवं झालं. जागा नव्हती. चित्रासाठी एलामी मजकुराचा तुकडा तासावा लागला. काय केलं असेल त्यांनी? आमच्या ओळखीतल्या कुठल्याही कार्यालयात काय झालं असतं? 'दोन भाषांत आहेच, तिसरी राहू द्या.' त्यांनी तसं केलं नाही. दुसऱ्या बाजूला नवी जागा तासून घेतली आणि एलामी मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा कोरला. एका भाषेचा कोपरा गेला म्हणून अख्खी भाषा पुन्हा.

काकांनी फोटोतली अक्षरं पुन्हा एकदा न्याहाळली. मग म्हणाले, "किती रे बाबा काम."

घरी नाशिक रोडला मी हे वडिलांना सांगितलं. आमच्या कॉलनीत निम्म्या घरांत नोटा छापणाऱ्या प्रेसची नोकरी, वडीलही तिथूनच निवृत्त झालेले. लहानपणी त्यांनी मला नोट दाखवली ती किंमत शिकवायला नव्हे, मागच्या बाजूच्या भाषांच्या ओळी दाखवायला. मी तेव्हा विचारलं होतं, एवढ्या सगळ्या कोण वाचतं? ते म्हणाले होते, "सगळ्या कोणी वाचत नाही. ज्याची त्याला सापडते." तेच वाक्य त्यांनी आताही म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घरात कौतुक एवढंच होतं.

काकांनी दगड घेतला. काळा, मोठा, तीन भागांचा. वर कोकणी, म्हणजे गोव्याची नव्हे, सुरगाण्याकडच्या कोकणा लोकांची बोली, मध्ये मराठी, खाली हिंदी. कोकणी मजकूर सांगायला मावशी स्वतः दुकानात यायची, काम नसेल त्या दिवशी. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती बोलायची, मी देवनागरीत उतरवायचे, वाचून दाखवायचे, ती मान हलवायची. "असं नाय बोलत आम्ही. हे तू बोलतीस." पुन्हा. एका ओळीसाठी तिने मला तिच्या गावच्या सगळ्या बायकांच्या नकला करून दाखवल्या. काका हसून हसून खोकायला लागले. शेवटी जी ओळ ठरली ती साधारण अशी: 'जठून नेला, तठंच आणून सोडा.' मी इथे लिहिते आहे तशीच ती असेल असं नाही. दगडावर बरोबर आहे, कारण तिथे शेवटचा शब्द मावशीचा होता.

हिंदीची शेवटची ओळ चालली होती तेव्हा दगडात शीर निघाली. वरच्या कोपऱ्यात तडा गेला आणि कोकणीच्या दोन ओळींचा टवका पडला.

आमच्या वॉर्डातले एक पुढारी शेडच्या उद्घाटनाला येणार होते. त्यांच्या माणसाने दुकानात येऊन दगड पाहिला आणि प्रश्न सोडवून टाकला. "वरचा भाग कापून टाका. मराठी आहे, हिंदी आहे, बास की. त्या बोलीत कोण वाचणार आहे? उलट साहेबांच्या नावाला जागा होईल."

मी तोंड उघडलं होतं. माझ्या तोंडून काय आलं असतं ते छापण्यासारखं नव्हतं. पण काकांनी आधी भिंतीकडे बोट केलं.

"ते बघितलं का? अडीच हजार वर्षांपूर्वी असंच झालेलं. त्यांनी पुन्हा कोरलं."

"कोणी?"

"आमच्यातल्यांनी," काका म्हणाले.

तो माणूस फोटोकडे बघत राहिला. त्याला काही कळलं नाही. काकांनी वरचा भाग खरोखरच कापून काढला, दुसरी फरशी घेतली आणि कोकणी मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा कोरला. त्याचे पैसे घेतले नाहीत. मी आयुष्यात खूप भाषणं ऐकली आहेत, काही स्वतः ठोकली आहेत. काकांच्या त्या 'आमच्यातल्यांनी'च्या जवळपास पोचलेलं एकही आठवत नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. आता माझी चूक.

पत्रक चिकटवणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात: हात पोचतो त्याच्या वर चिकटव. हात पोचला की फाडलं जातं, नाहीतर त्यावर दुसरं चिकटतं. मी स्वतः लोकांच्या पत्रकांवर किती चिकटवली आहेत याला हिशोब नाही. म्हणून आमच्याकडे लांब दांड्याचा ब्रश असतो. नाक्यावर तर विचारूच नका, वाढदिवसाचे फ्लेक्स, तंबाखूच्या पिचकाऱ्या. तेव्हा शेडच्या शेजारच्या भिंतीवर दगड कुठे लावायचा म्हटल्यावर मी डोळे झाकून सांगितलं, "वर. अगदी वर. कोणाचा हात पोचता कामा नये."

काकांनाही पटलं. "राजानेही वरच लावलाय," ते म्हणाले. खरंच होतं. बेहिस्तूनचा लेख इतका उंच आहे आणि काम झाल्यावर उभं राहायची जागा अशी तासून टाकली आहे की कोणी चढून बिघडवू शकलं नाही. आम्ही दोघं त्या राजाचे शिष्य. परांची बांधून दगड पत्र्याच्या आढ्याच्याही वर चढवला. उद्घाटनाला सगळ्यांनी माना वर करून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना कोणी वाचत नाही.

दिवाळी झाली. एका सकाळी नाक्यावर गेले तर मावशीची लेक आलेली. नवी ओढणी, पायात शाळेतले बूट. शेडच्या भिंतीखाली उभी राहून मान एवढी मागे टाकली होती की डोक्यावरचा डबा पडेल.

"वाचलंस का?" मी विचारलं. आवाजात अभिमान होता, कबूल करते.

"नाय ताई. काळं दिसतं नुसतं." तिने डोळे बारीक केले. "वरचं आमच्या बोलीतलं हाय का? आई म्हणली होती, जाऊन वाच."

मी तिच्या शेजारी उभी राहून वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खालून पाहिलं. अक्षरं म्हणजे मुंग्या. मी, पत्रकं लिहिणारी, लोकांपर्यंत पोचायचं म्हणून घसा फोडणारी, मी एक दगड कोरून घेतला होता आणि तो कोणालाच वाचता येणार नाही अशा जागी नेऊन ठेवला होता. ज्या एका मुलीसाठी तो कोरला, तिलाही नाही.

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. ओळखीची नव्हती. "चार बायका. द्राक्षाला. चला चला." दोघी चढल्या, सटाण्याकडच्या. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं ओरडून सांगावं तिला नियम काय आहे. पण शब्द मराठीतले आले, आणि ते पत्रकातल्यासारखे आले. "त्यांनी आधी, म्हणजे नेणाऱ्या व्यक्तीने…"

मावशी पलीकडच्या टोकाला तिच्या बायकांना पांगवत होती. तिने तिथून पाहिलं आणि चालत आली. धावत नव्हे. पिकअपच्या मागच्या फळीवर हात ठेवला आणि नियम म्हटला. कोकणीत, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, दुकानात बसून जसा शंभरदा म्हटला होता तसा. मग तिच्या मराठीत. मग मध्येच हिंदीत, एक शब्द चुकवून, तर बिहारच्या एका मुलाने तो दुरुस्त केला आणि सगळे हसले.

"कुठे लिहिलंय असं?" पिकअपवाला म्हणाला.

"वर बघ."

त्याने वर पाहिलं. त्यालाही वाचता आलं नाही. पण दगड दिसला, एवढा मोठा, एवढा वर. वाचता न येणाऱ्या गोष्टीशी भांडायचं कसं? त्याने मोठ्याने आपलं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. मावशीच्या बायकांनी ते मागून म्हटलं, पाढे म्हणतात तसं. मुलगी चढली.

ती गेल्यावर मी मावशीला म्हणाले, "उद्याच दगड खाली घेऊ. चुकलं माझं."

"राहू दे वरच," ती म्हणाली. "खाली आणला का त्याच्यावर डबे ठिवतील. तो तिथं हाय हे सगळ्यांना दिसतं. काय लिवलंय ते मी सांगंन की."

मला मासिकातल्या त्या पानाचा शेवट आठवला. काकांना मी तो घाईत वाचून दाखवला होता, दोघांनीही त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. कड्यावरचं वाचता येणार नाही हे त्या राजाच्या लेखनिकांना ठाऊक होतं. म्हणून त्याच मजकुराच्या नकला मुलखा-मुलखांत गेल्या, त्या त्या भाषांत, दूर इजिप्तमध्ये कागदासारख्या पपायरसवरची एक सापडलीसुद्धा. आणि लेखातच वाचणाऱ्याला सांगितलं आहे की हे दडवू नकोस, लोकांना सांग, म्हणजे तुझं भलं होईल. दगड उंचावर आणि सांगणारी माणसं खाली. आम्ही निम्मंच शिकलो होतो. उरलेलं निम्मं काम अक्षर न ओळखणाऱ्या एका बाईने स्वतःच्या डोक्याने केलं. राजाला त्यासाठी साम्राज्य लागलं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. मावशी कामावरून परत आली आणि आम्ही दोघी शेडखाली बसलो. ऊन भिंतीवरून वर सरकत दगडावर गेलं, मग तिथूनही गेलं. समोरच्या दुकानातला दिवा लागला. एक पिकअप आली, ती नव्हती. दुसरी आली, तीही नव्हती. मावशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी मनातल्या मनात एक पत्रक लिहायला घेतलं होतं आणि मथळा सुचत नव्हता. हे माझं पहिल्यांदाच झालं.

मग ती आली. मागची फळी खाली पडली, आधी सटाण्याच्या दोघी उतरल्या, मग बूट, मग ओढणी. बोटं द्राक्षाच्या चिकाने काळी.

"आई, या दोघींनी पण नियम शिकून घेतला," ती सांगत आली. "जाताना मी म्हणून दाखवला. त्या त्यांच्या अहिराणीत म्हणतेत."

सटाण्याची एकजण हसून पिकअपवाल्याकडे बघत काहीतरी अहिराणीत म्हणाली. मला त्यातलं 'शे', म्हणजे 'आहे', तेवढं कळलं. पिकअपवाल्याला सगळं कळलं असावं. तो म्हणाला, "सोडलं ना बाई? अंधार तरी पडलाय का?"

मावशीने आभाळाकडे बघून घेतलं. नीट, वेळ घेऊन. "नाय," ती म्हणाली. "जा आता."

मी सवयीने दगडाकडे पाहिलं. अक्षरं दिसत नव्हती. तशी ती भर दुपारीही दिसत नाहीत.